फुल्हेन्सियोचा ठेका

कासिल्दाने कपाळावर हात मारून घेतला. तोही नेमका प्लास्टरमधला, त्यामुळे चांगलाच लागला.

"अरे, गिटार आहे ती! टपालावर शिक्के मारतोयस का?"

धाकट्या भावाने, फुल्हेन्सियोने, पस्तीस वर्षं शिक्केच तर मारले होते. निवृत्त झाला तरी हाताची खोड जाईना. जत्रेत जोडीने नाचतात त्या सेव्हियानाचा ठेका तो काय, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन! गावातली पोरं चालायला लागायच्या आधी त्यावर टाळ्या पिटतात. हा गडी मात्र तिनाचे चार करायचा, आणि वर निरागस तोंड करून बघायचा.

"मनगट सैल सोड. बोटांवरचं पाणी झटकतोस ना, तसं. खाली, वर, खाली... वर म्हटलं ना मी!"

"अक्का, तू ओरडलीस की मी विसरतो."

"मग काय अंगाई म्हणू?"

जत्रा नऊ दिवसांवर आली होती. दरवर्षी कासिल्दा वाजवायची आणि थोरली बहीण ओब्दुलिया नाचायची. यंदा कासिल्दा जिन्यावरून पडली आणि मनगट मोडून बसली. ओब्दुलियाचा गुडघा जूनमध्ये बदलायचा होता. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यानंतर नाच विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जत्रेतल्या तंबूत स्पीकर होता, पण त्याचं नाव काढताच ओब्दुलिया म्हणाली, "घरचा हात वाजवत असेल तर नाचेन. नाहीतर बसेन खुर्चीत." म्हणून हे लचांड कासिल्दाच्या गळ्यात पडलं.

खरा वैताग थांबण्याचा. सेव्हियाना संपते ती एकदम. नाचणारी एक हात उंच करून जागच्या जागी थिजते आणि गिटारही त्याच क्षणी गप्प व्हायला हवी. फुल्हेन्सियो उतारावरच्या सायकलसारखा पुढे जाऊनच थांबायचा. कासिल्दाने शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, एकदा तर रडलीसुद्धा.

जत्रेच्या दुपारी गिटार भावाकडे होती, म्हणून कासिल्दा थोरलीसमोर नाचायला उभी राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. पहिली सेव्हियाना झाली, आणि तो नेमका थांबला. दुसरीला थांबला, तिसरीलाही. कासिल्दाचा विश्वासच बसेना.

चौथी शेवटची. चारच असतात, पाचवी कुणी नाचत नाही. ओब्दुलियाने मान मागे टाकून हात उंच केला. संपलं.

आणि हा वाजवतच राहिला.

कासिल्दाचं डोकं फिरलं. चार शब्द सुनावायला ती वळली. फुल्हेन्सियोचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो थोरलीकडे बघत होता, डोळे भरले होते आणि ठेका मात्र जराही चुकत नव्हता. ओब्दुलियाने हात खाली घेतलाच नाही. तिने तो हळूच वळवला आणि दुखरा पाय पहिल्या पावलासाठी पुढे टाकला.

कासिल्दा झटकन तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"फुल्हेन्सियो," ती ओरडली, "आता थांबलास तर याद राख!"