लाइनवरच थांबा

अकरा वाजले की लॉन्ड्रीतल्या बायकांचे हात जागच्या जागी चालायचे आणि कान मात्र रेडिओला भाड्याने दिल्यासारखे व्हायचे.

तीन दवाखान्यांचे कपडे तिथे यायचे. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, रोज नवा डोंगर. वाफेच्या लांब इस्त्रीवर मावशी. पलीकडे घडी घालायला एक ठसठशीत बाई. तिचा आवाज तीन खोल्या ओलांडून जायचा, म्हणून तिचं नाव भोंगा पडलं होतं आणि त्या नावाने हाक मारली तर तीही ओ द्यायची. कोपऱ्यात गठ्ठे बांधणारी, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारी. आणि काचेच्या केबिनमध्ये फोनपाशी बसणाऱ्या मोठ्या बाई. लॉन्ड्रीचा कारभार त्यांच्याकडे होता.

कार्यक्रमाचं नाव 'पहिला सूर'. निवेदक गाण्याचं नुसतं सुरुवातीचं संगीत वाजवायचा, शब्द सुरू व्हायच्या आत तोडायचा, आणि फोन लावणाऱ्याने गाणं ओळखायचं. अशी तीन गाणी ओळखली की भेटवस्तू. अडखळलात तर तेच गाणं दुसऱ्या कुणाला तरी मिळायचं. पण अडखळलेल्याला तो सोडायचा नाही. "लाइनवरच थांबा, उत्तर ऐकूनच जा," असं इतक्या गोड आवाजात म्हणायचा की बायकांनी त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलं होतं.

लॉन्ड्रीचा नियम वेगळा. फोनवरच्या माणसाआधी जी गाणं ओळखेल ती सुटली. जी सगळ्यात मागे राहील तिने त्या दिवशी ओली ब्लँकेटं उचलून सुकवणीच्या यंत्रात टाकायची. सहा वर्षांत मावशींनी एकही ब्लँकेट उचललं नव्हतं.

"मावशींच्या कानात गाणी भरलीत," भोंगा म्हणायची, "आणि आमच्या कानात मळ."

"मग काढावा की माणसाने," मावशी हळूच म्हणायच्या. त्या कधीच मोठ्याने बोलत नसत.

"अहो, एकदा फोन लावा. एवढं येतं तर घरी मिक्सर तरी येईल."

"फोनवर माझी बोबडी वळते गं."

मावशींची आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्या चहात साखर घेत नसत. भोंग्याला वाटे, डॉक्टरांनी सांगितलं असेल. मावशीही तसंच वाटू देत. खरं म्हणजे त्यांनी साखर देवापुढे हात जोडून सोडली होती, एका गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट होईपर्यंत. कोणती, ते देवाला ठाऊक होतं आणि त्यांना.

लॉन्ड्रीत लागल्या त्या पहिल्याच दिवशी भोंग्याने विचारलं होतं, "मुलंबाळं?" मावशी म्हणाल्या होत्या, "एक मुलगी होती. नाही आता." भोंग्याचे डोळे भरून आले, तिने मावशींचा हात धरला, आणि त्या दिवसापासून जड काम मावशींच्या वाट्याला येऊ दिलं नाही. एका वाक्याने किती दारं बंद होतात, ते मावशींना तेव्हा सोयीचं वाटलं होतं.

त्या दिवशी साखरतोंड्याने पहिला फोन घेतला.

"हॅलो," बाईचा आवाज. थोडा बसका, शब्दाच्या शेवटी किंचित उचललेला.

मावशींचा हात इस्त्रीवर तसाच राहिला.

"काय करता, ताई?"

"शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. दोनशे मुलांचं जेवण असतं."

"अरे वा. म्हणजे आमचा कार्यक्रम फोडणीच्या आवाजात ऐकता तर." साखरतोंड्या स्वतःच हसला. पहिलं संगीत वाजलं. भोंग्याने तोंड उघडेपर्यंत पलीकडून उत्तर आलंही.

"काय कान आहे हो. कुणाकडून आला?"

"आईकडून. आम्ही दोघी हाच कार्यक्रम ऐकायचो. आई भाजी निवडत बसायची, मी अभ्यास करतेय असं दाखवायचे. जी आधी ओळखेल तिला भांडी माफ."

"मग भांडी कोण घासायचं?"

"मीच. रोज."

लॉन्ड्रीत सगळ्या हसल्या. "ही आपल्या मावशींचीच बहीण दिसतेय," भोंगा म्हणाली.

"म्हणजे आता आई घरी कान टवकारून बसल्या असतील," साखरतोंड्या म्हणाला.

रेडिओवर मागून ताटांचा खणखणाट आला.

"नाही," ती म्हणाली. "आई नाही आता."

रडून नाही, अडखळून नाही. दुकानदार 'तो माल संपला' म्हणतो ना, तसं.

"मावशी, चादर," गठ्ठेवाली म्हणाली. तिच्या दहा शब्दांतले दोन खर्च झाले. चादरीवर तळहाताएवढा पिवळा डाग उमटला होता. मावशींनी ती बाजूला ओढली आणि चटका बसल्यासारखं आपल्या हातांकडे पाहिलं. हात जागेवर होते. बोटं हलत होती.

मुलीने मनासारखं लग्न केलं तेव्हा वडील म्हणाले, ती आपल्याला मेली. मावशी तेव्हा गप्प राहिल्या. पुढे दोन वर्षांनी ते गेले आणि तिसऱ्या दिवशी मुलगी दारात आली. दीरजावा, शेजारी, सगळे घरात बसलेले. मावशींनी दार अर्धंच उघडलं आणि आतल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "ज्यांना मेलीस ते गेले. मलाही मेलीसच." मुलीने एकदा आईकडे पाहिलं, पायऱ्या उतरली. त्या रात्रीच मावशींनी साखर सोडली. लेक परत यावी म्हणून. आपण जावं, हे मात्र त्यांच्या मनात आलं नाही. आलं असेल तर त्यांनी ते टिकू दिलं नाही.

दुसरं गाणंही मुलीने चटकन ओळखलं. मग तिसरं वाजलं. आधी एकटी बासरी, मग दोनदा थांबत थांबत सतार.

मावशींना ते पहिल्या फुंकरीलाच कळलं. आणि दुसरी गोष्टही कळली, की मुलीला हे येणार नाही. हे गाणं म्हणून त्या तिला निजवायच्या. तेव्हा घरात रेडिओ नव्हता. मुलीने ते नुसतं आईच्या तोंडून ऐकलं होतं, पहिल्या शब्दापासून. त्याच्या आधी बासरी असते, सतार असते, हे त्या लेकराला कुठून ठाऊक असणार? शब्द सुरू झाला असता तर झोपेतही ओळखलं असतं तिने.

"ताई, वेळ संपत आला."

"थांबा, येतंय," मुलगी म्हणाली. "कुठेतरी... नाही. नाही आठवत."

"हरकत नाही. लाइनवरच थांबा, उत्तर ऐकूनच जा. मंडळी, गाणं आता तुमचं."

भोंगा वळली. "मावशी, ओठ हलले तुमचे. येतंय ना?"

मावशींनी पदराला हात पुसले आणि कुणी ओढायच्या आत स्वतः केबिनकडे निघाल्या. सगळ्या बघतच राहिल्या. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"मोठ्या बाई, फोन लावू?"

"लावा की." मोठ्या बाईंनी फोन पुढे सरकवला.

एकदा व्यग्र, दुसऱ्यांदा व्यग्र. मावशींच्या मनात एकच होतं. लाइन लागली की म्हणायचं, मी आहे गं. एवढंच. 'मी आहे गं', तीनच शब्द. बोबडी वळायलाही त्यात जागा नाही. पाचव्या खेपेला पलीकडून साखरतोंड्याचा आवाज आला, "आधी रेडिओ बारीक करा, बाई." बाहेर कुणीतरी धावत जाऊन रेडिओ बारीक केला.

"सांगा, कोणतं गाणं?"

"'तळहाती थोडं चांदणं घे'," मावशी म्हणाल्या.

"अगदी बरोबर. एवढं जुनं गाणं! एखादी ओळ म्हणाल?"

मावशींनी डोळे मिटले आणि जशी निजवताना म्हणायच्या तशी, खालच्या पट्टीत, पहिली ओळ म्हटली. ओळ संपली तेव्हा फोनमध्ये कुणाचा तरी श्वास मोठ्याने आत ओढल्यासारखा ऐकू आला. साखरतोंड्याचा नव्हता तो. तो तर म्हणत होता, "वा. वा. आणि आता हे गाणं पूर्ण वाजवतो. कुणासाठी वाजवू?"

मावशींनी डोळे उघडले.

केबिनच्या दारात दोन चेहरे होते. भोंग्याचे डोळे आधीच ओलावले होते. कुणासाठी, ते तिला ठाऊक होतं ना. सहा वर्षं तिने ज्या मेलेल्या मुलीसाठी यांच्या वाटचं जड काम ओढलं ती मुलगी फोनवर जिवंत आहे, हे आता हिच्यासमोर म्हणायचं होतं. म्हणता आलंही असतं. मावशींचं तोंड त्यासाठीच उघडलं होतं. पण आत कुठेतरी बारीक, टणक असं काहीतरी बसलेलं होतं. लेक चारचौघांत मला मारून मोकळी झाली.

"माझ्या मुलीसाठी," मावशी म्हणाल्या.

"मग मुलगी ऐकत असेल आत्ता."

"नाही," मावशी म्हणाल्या. सहा वर्षं अंगवळणी पडलेलं वाक्य, आपलं आपण चालत आलं. "ती नाही आता."

भोंग्याने पदर तोंडाला लावला.

साखरतोंड्याच्या आवाजात खरोखरचा गहिवर आला. "मंडळी, योगायोग पाहा. एका लेकीला आई नाही, एका आईला लेक नाही. मघाच्या ताई, लाइनवर आहात ना? तुम्हीच आता या आईंशी दोन शब्द बोला. ताई?"

फोनमध्ये लांबलचक सूर वाजत होता. एकच, न तुटणारा.

"ताईंनी फोन ठेवलेला दिसतो. भरून आलं असेल त्यांना. असो. हे गाणं, जी आई नाही तिच्यासाठी आणि जी लेक नाही तिच्यासाठी. आणि बाई, तुमच्यासाठी आमच्याकडून एक इस्त्री."

लॉन्ड्रीत कुणी तरी रेडिओ मोठा केला. बासरी आली, सतार आली, मग शब्द आले. गाणं पुरतं चार मिनिटांचं होतं. तेवढा वेळ कुणीही काम केलं नाही.

"जिंकून जिंकून इस्त्रीच," मोठ्या बाई म्हणाल्या, हलकं करायला.

मावशी जाग्यावर आल्या. डाग पडलेली चादर उचलून वेगळी ठेवली, दुसरी घेतली. शाळा या गावात किती असतील, दोनशे मुलांच्या किती असतील, असा एक विचार येऊन गेला. नंबर साखरतोंड्याकडे असेल. पण मागायचा कोणत्या नात्याने? आत्ताच तर साऱ्या मुलखासमोर नातं मिटवून आल्या होत्या.

भोंगा चहा घेऊन आली. पेला त्यांच्या हातात देताना तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मावशी, आज मी दोन चमचे साखर घातलीय. रागावू नका. आज घ्याच."

मावशींनी पेल्यात पाहिलं. मग तोंडाला लावला आणि तळापर्यंत सगळा प्यायल्या.