म्वातिमाला वाचता येईल असा कांगा

"पुन्हा कांगा? आणि मासळीचे पैसे?" मकामे बायकोच्या कानाशी पुटपुटला.

झुहुरा नवं रंगीत कापड नेसून, आरशाकडे पाठ करून मान वळवून पाहत होती. कांग्याच्या काठावर छापलेली म्हण मागून नीट दिसायला हवी. "शेजारणीची चूल फुंकणारीच्या डोळ्यांत धूर." झकास! जेवायला मात्र नुसता उकडलेला कसाव्याचा कंद. मकामेने एक घास खाल्ला, तांब्याभर पाणी प्यायला. सून सौमूही प्यायली.

"आई, तुमच्यापायी माझा पेपर बुडणार," सौमू म्हणाली. ती विद्यापीठात बाजारशास्त्र शिकत होती. "माणसाच्या गरजांची शिडी असते. आधी पोट, मग आसरा, मग माया, मग मान. तुम्ही पोट ओलांडून थेट वर!"

"पुस्तकवाल्याला विचार, त्याच्या समोरच्या दारात म्वातिमा राहते का?"

म्वातिमा तिची बालमैत्रीण. पोरवयात दोघी कांग्यांची एकच जोडी मधून कापून नेसायच्या. गल्लीतल्या लग्नाच्या पुलावाचा हंडा झुहुराशिवाय चढत नसे. पण म्वातिमाने थोरल्या लेकीच्या लग्नात तो दुसरीच्या हाती दिला. तेव्हापासून बोलणं बंद, कांगे सुरू. ही टोमणा नेसून पाण्याला निघे, ती दुसऱ्या दिवशी उत्तर नेसून अंगण झाडी. कापडवाल्याने या भांडणाच्या कमाईवर दुकानाला नवा रंग दिला. आता धाकटीचं लग्न शुक्रवारवर आलं होतं, आणि झुहुराला हाक नव्हती.

दुपारी सौमू अभ्यासासाठी गिऱ्हाइकांना प्रश्न विचारायला कापडवाल्याच्या दुकानात निघाली. झुहुराही निघाली, दारूगोळा भरायला. नेमका एक कांगा दिसला: "माफी मागून ओठ झिजत नाहीत." तिने तो ओढला. कांग्याने तिला ओढलं. दुसऱ्या टोकाला म्वातिमा!

"मामू, हिला सांगा, मी आधी धरला," झुहुरा कापडवाल्याला म्हणाली.

"मामू, हिला सांगा, चष्म्याशिवाय हिला ओळ तरी दिसते का!"

"जोडी एकच उरलीय, बायांनो," कापडवाला म्हणाला. "कापू मधून?"

"खबरदार!" दोघी एकदम.

सौमू मध्ये घुसली. "मावशी, खरं सांगा, हा का घेताय?"

"हिच्यासमोर मिरवायला."

"आणि आई, तुम्ही?"

"हिच्याच!"

कापडवाला हसता हसता गठ्ठ्यावर कोसळला. म्वातिमाच्या नाकातून फुस्स झालं, झुहुराचे खांदे हलू लागले, आणि दोघी टोकं न सोडता डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

हसू ओसरलं तसं झुहुराने विचारलं, "हंडा का नाही दिलास गं मला?"

कापडवाला छत न्याहाळू लागला. सौमूला अचानक शिवणीत फार रस आला.

"हंडा जड होता ना... तुझी कंबर..."

"माझ्या कंबरेला काय धाड भरलीय?"

"धूरही फार होता," म्वातिमा कांग्याशी बोलली. "आणि ऊन..."

झुहुराने मैत्रिणीचा पडलेला चेहरा पाहिला. ही जन्मात सांगणार नाही. घरातले माझ्या हातचं खाऊन तांबेच्या तांबे पाणी रिचवतील, पण तेही नाही सांगणार.

"थोरलीच्या लग्नाआधी आजारी पडले ना, त्या तापातून उठल्यापासून मला चव कळत नाही, म्वातिमा," ती म्हणाली. "खारट नाही, अळणी नाही. काहीच नाही गं."