भूमिकांचा लिलाव

रिहे गावच्या नाटकमंडळीला पडदा हवा होता आणि गावात रोकड कुणाकडेच नव्हती. जत्रेतले खेळ घोंगड्या बांधून चालायचे. घोंगड्यांच्या भोकांतून आत लुगडी नेसणारे गडी बाहेर दिसायचे आणि ऐन रडण्याच्या प्रसंगाला पब्लिक खो खो हसायचं.

तोड मंडळीतल्या गेणबानं काढली. भूमिकांचा लिलाव करायचा. ज्याला जे काम पाहिजे त्यानं बोली लावायची, आणि तीही पैशात नव्हे, आंबेमोहोर भातात. कणगीत भात तर घरोघर होताच. तो पुण्याला विकून पडदा रंगवून आणायचा.

मंडळीचा म्होरक्या कोंडिबा खूश झाला. देवळाच्या ओट्यावर लिलाव बसला. राजाच्या कामावरून दोन भावांत जुंपली, राणीचं काम भिवाजीनं मिशी काढायच्या बोलीवर घेतलं. प्रधानाचं काम गेणबाकडे आलं, कारण तेवढी लांब भाषणं पाठ करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

चंडसेनाचं काम राहिलं. चंडसेन म्हणजे फितुर सेनापती. तिसऱ्या अंकात तो प्रधानाला तलवारीनं मारतो. शिव्या खायचं काम, बोली कोण लावणार? तेवढ्यात मागून आवाज आला, "चंडसेन मला. दोन पोती."

हैबतराव उभे होते.

गेल्या साली मामलेदारापुढं गेणबानं साक्ष दिली होती की हैबतरावांचं खालचं खाचर त्यांचं कूळ भिकूच कसतोय. खरं तेच सांगितलं होतं. कुळकायद्यानं खाचर भिकूचं झालं. तेव्हापासून हैबतरावांनी गेणबाकडं मान वळवून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. पाहतच राहिले.

घरी बायकोनं, साळूबाईनं ऐकलं आणि चुलीपुढून उठलीच. "काम सोडा. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा."

"सोडलं तर त्ये पोती परत नेत्याल. पडद्याचं सांगून झालंय पुन्यात."

"पडदा मोटा का तुमी?"

गेणबानं काम सोडलं नाही. लिलावाची कल्पना आपली, आता आपणच पाय मागं घेतला तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

तालमी सुरू झाल्या. हैबतराव एकाही तालमीला आले नाहीत. 'माझं मला पाठ हाय,' एवढा निरोप आला. त्यांच्या जागी कोंडिबा लाकडी तलवार घेऊन उभा राहायचा आणि गेणबा मरायचा. मरताना त्याला रोज घाम फुटायचा. अशात पाणवठ्यावर साळूबाईच्या कानावर आलं, हैबतरावांनी दसऱ्याला पुजायची तलवार पौडच्या लोहाराकडून धार लावून आणली.

गेणबा कोंडिबाकडं धावला. कोंडिबा हसला. "आरं, गंज काढला आसंल. येवढ्या गावाम्होरं कोन मारतंय व्हय?"

त्यानंतर रात्री शेळी खुंट्याला घासली तरी गेणबा दचकून उठायचा.

जत्रेच्या दिवशी खेळ दुपारीच लागला. बत्त्या भाड्यानं आणायची ऐपत नव्हती, म्हणून उन्हं उतरायच्या आत संपवायचा होता. नवा पडदा वर गेला तेव्हा पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. पडद्यावर तळं होतं, तळ्यात राजहंस. गेणबानं मात्र त्याकडं पाहिलंही नाही. त्याचे डोळे हैबतरावांच्या कमरेवर होते. म्यानातल्या तलवारीची मूठ पितळेची होती. लाकडी तलवार आत कोपऱ्यात तशीच पडली होती.

तिसरा अंक लागला. दरबारात दोघंच. हैबतरावांनी तलवार उपसली आणि पात्यावर ऊन चमकलं. पुढच्या रांगेत साळूबाई उठून उभी राहिली.

गेणबाचं भाषण कसंबसं संपलं. आता चंडसेनानं बोलायचं. हैबतराव बोलेनात. तलवार वर धरून नुसते उभे. आता हा बोलणारच नाही, एकदम घाव घालणार, असं गेणबाला वाटलं.

मग हैबतरावांचे ओठ हलले. "गेनबा, म्होरं काय हाय?"

गेणबाला आधी कळेचना. मग त्यानं नीट पाहिलं. हैबतरावांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. डोळे पब्लिककडं लागले होते आणि तलवारीचं टोक लटलट हलत होतं.

पुढचं वाक्य गेणबाला पाठ होतं. ते त्याच्याच मरणाचं होतं. त्यानं हळूच सांगितलं, "प्रधाना, तुझी घटका भरली."

"प्रधाना, तुझी घटका भरली!" हैबतराव ओरडले आणि तलवार खाली आली.

कोंडिबानं शिकवलं होतं त्याच्या आधीच गेणबा पडला. पातं त्याच्या खांद्याला चाटून फळीत रुतलं. अंगरख्याची बाही टराटरा फाटली. पब्लिक ओरडलं, पडदा पडला.

गेणबा पडल्या जागीच होता. खांद्यावरून रक्ताची बारीक रेघ उतरली होती. साळूबाई पडद्याखालून आत घुसली, तिनं त्याचा हात चाचपला आणि हैबतरावांवर धावून गेली. "मारायला आला हुता तुमी!"

हैबतराव खाली बसले. "न्हाई गं बाई. भ्या दावायचं हुतं त्येला. खरी तलवार बघून पळंल, गाव हासंल, येवढंच मनात हुतं. पन त्या माणसांम्होरं माजंच पानी झालं. हात माजा ऱ्हायलाच न्हाई." त्यांनी गेणबाच्या खांद्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "लई लागलं का रं?"

"न्हाई," गेणबा म्हणाला.

कोंडिबा धावत आला. चौथ्या अंकात चंडसेन गादीवर बसतो, राणीला दरडावतो. हैबतरावांनी मान हलवली. "मला एक अक्षर आठवंना. माफ करा."

बाहेर पब्लिक टाळ्या पिटत होतं. गेणबानं साळूबाईला खांद्यावर फडकं बांधू दिलं. मग सरकत सरकत तो गादीच्या पाठीशी, पब्लिकला दिसणार नाही असा जाऊन बसला.

"मान मागं कलती ठेवा," तो हैबतरावांना म्हणाला. "मी सांगतो तसं बोला."

पडदा वर गेला. गेणबा एकेक वाक्य पुटपुटत राहिला. हैबतराव तेच राणीवर गरजत राहिले.