घरघर माझी नव्हती

मी ॲम्प बोलतोय. बेस गिटारचा आवाज मोठा करणारा काळा खोका असतो ना, तोच. गिटारला स्वतःचा आवाज नसतोच. ती नुसती पुटपुटते. तिचं पुटपुटणं अख्ख्या हॉलला ऐकू जातं ते माझ्यामुळे. कौतुक मात्र तिचं होतं आणि शिव्या मला पडतात. आज मला बोलायचंय म्हणून बोलतो. मधे बोलू नका.

माझा जन्म एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकानदाराने आतली तारांची जुळणी केली आणि शेजारच्या सुताराने प्लायवूडचा खोका ठोकून दिला. खोका थोडा मोठा झाला म्हणून दोघं भांडले. शेवटी ‘असू दे, आवाज घुमेल’ म्हणून तसाच ठेवला. आवाज घुमतो. सुताराचं नशीब.

पहिला मालक एका हॉटेलात वाजवायचा. त्याला माझ्या डोक्यावर थंड पाण्याचा ग्लास ठेवायची खोड. ते गोल डाग अजून आहेत, बघा हवं तर. पुढे मी एका शाळेच्या सामानखोलीत पडलो. तुटकी बाकं, फाटके नकाशे आणि उंदीर. उंदरांनी माझ्या पुढचं कापड एका कोपऱ्यात कुरतडलं. किती वर्षं गेली मी मोजली नाहीत. अंधारात काय मोजणार?

तिथून मला ड्रायव्हरने बाहेर काढलं. तो शहरातली बस चालवायचा. त्याने मला रिकाम्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि डेपोपर्यंत असं सांभाळून आणलं, की एका खड्ड्यातसुद्धा दणका बसला नाही. खरं सांगतो, तेव्हाच तो माणूस मला आवडला. तोंडावर कधी म्हणालो नाही. म्हणणार तरी कसं?

त्याची धाकटी बहीण गाते. सलूनवाला ड्रम वाजवतो. ड्रायव्हर बेस वाजवतो. एवढाच बँड. सराव ड्रायव्हरच्या पुढच्या खोलीत. त्याची बायको लॉन्ड्रीत कामाला आहे. घरी आल्यावर तिला शांतता हवी असते आणि तिच्या नशिबी ड्रम असतो. तरी तिने कधी मला घराबाहेर काढा म्हटलं नाही. म्हटलं ते एकदाच, आणि तेव्हा ती चुकून माझ्यावर आपटली होती.

मग ड्रायव्हर निवृत्त झाला. बस गेली, खाकी गेली, पहाटेचा गजर गेला. घरात नुसता फिरायचा. नळ आवळ, बिजागरीला तेल घाल, खुर्चीचा पाय बघ. बायको म्हणायची, “अहो, जरा बसा की! घर काय डेपो आहे?” त्याच्याकडे आता हा बँड तेवढा उरला होता. हे मला कळत होतं. त्याच्या बहिणीलाही कळत असावं, पण ती बोलायला तिखट.

आणि नेमकी तेव्हा घरघर सुरू झाली.

मला चालू केलं की घूंऽऽ. गाणं सुरू नाही, कोणी काही वाजवलं नाही, तरी घूंऽऽ. मधमाश्यांचं पोळं गिळल्यासारखं. आणि ड्रायव्हरने तारांवर बोटं ठेवली की आणखी मोठं. पूर्वी उलट होतं. त्याने हात ठेवला की उरलीसुरली कुरकुर बंद व्हायची.

आवाज आला की माणूस पहिल्यांदा काय करतो? थापड मारतो. सलूनवाल्याने माझ्या डोक्यावर दोन ठेवून दिल्या. दिवसभर लोकांची डोकी हातात असतात, सवय झाली असेल. आवाज तसाच.

“म्हातारा झालाय तो,” सलूनवाला म्हणाला.

मी? अरे, तुझ्या दुकानातल्या खुर्चीचं वय काढ आधी!

मग तिघांनी मिळून जो गोंधळ घातला, तो सांगण्यासारखा आहे. एकाने नवी वायर जोडली, तेवढ्यात दुसऱ्याने फ्रिज बंद केला, तिसरीने ट्यूबलाइट विझवली. मला उचलून खिडकीपाशी नेलं आणि दुसऱ्या बोर्डात लावलं. घरघर थोडी कमी झाली. झालं, आनंदीआनंद! कशाने कमी झाली, कोणाला पत्ता नाही. रात्र पडायला लागल्यावर ट्यूब लावली आणि घूंऽऽ परत जागेवर. पाच गोष्टी एका दमात बदलल्यावर देवालासुद्धा कळणार नाही कोणत्या गोष्टीने काय झालं. पण ऐकतो कोण!

सलूनवाला मग खिशातून पक्कड काढून म्हणाला, “दादा, प्लगची ही तिसरी पिन कापू. माझ्या मेव्हण्याने कापली, आवाज गेला.”

ती तिसरी पिन अर्थिंगची. माझ्या पोटात कधी वीज भलतीकडे शिरली, तर वाजवणाऱ्याच्या अंगात न जाता तिच्यातून जमिनीत जावी म्हणून असते. आवाज नको म्हणून ती कापायची म्हणजे ब्रेक करकरतात म्हणून ब्रेकच काढून टाकायचे!

ड्रायव्हरची बायको आतून आली. तिने पक्कड सरळ त्याच्या हातातून घेतली.

“आमच्या लॉन्ड्रीत एकीने इस्त्रीची पिन अशीच काढली होती. शॉक बसून ती बाई भिंतीवर जाऊन आपटली. हात लावायचा नाही त्या पिनेला.”

“वहिनी, मी आपला—”

“तुम्ही आपले केस कापा.”

त्या बाईला मी त्या दिवसापासून मानतो.

बहिणीचा धीर मात्र सुटला होता. शनिवारी एका कारखान्याच्या कामगारांचा कार्यक्रम होता, मोठ्या हॉलमध्ये. ती म्हणाली, “दादा, माझी गाणी हळू आहेत. मधे मी थांबले की हा घरघरतो. लोक हसतील. शनिवारपर्यंत हे गेलं नाही, तर मी कीबोर्डवाल्याला बोलावणार. तो डाव्या हाताने बेस वाजवतो.”

“म्हणजे मी नको?”

“घरघर नको.”

“तेच झालं,” ड्रायव्हर म्हणाला आणि माझं बटण बंद केलं.

ती गेल्यावर तो माझ्यावर बसला. बसू दिलं. बायकोला म्हणाला, “बोलाव म्हणावं त्याला. सोडतोच मी. ॲम्पचं काही नाही. माझ्या हातातच काहीतरी झालंय. हात लावला की वाढतं, तूही ऐकलंस. बस सुटली, आता हेही सुटू दे.”

मला बोलता येत असतं तर मी चांगला झापला असता त्याला. एवढी वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस, आणि घरच्या खोक्याच्या आवाजाला घाबरून हात टेकतो!

शुक्रवारी बायकोला सुट्टी होती. ड्रायव्हरने सवयीने मला चालू केलं आणि गिटार मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. वाजवेना, बंद करेना. घूंऽऽ चालूच. बायको फोनवर स्वतःच्या बहिणीशी बोलत होती.

“काय? परत बोल. काय? अगं, इथे काही ऐकू येत नाहीये!”

ती तरातरा आली आणि गिटारकडून येणारी वायर माझ्या तोंडातून उपटून काढली. ठप्प!

“अगं, चालू असताना ओढू नये!” ड्रायव्हर ओरडला.

आणि मग दोघंही गप्प झाले. कारण मीही गप्प होतो. एकदम गप्प. दिवा लागलेला, बटण चालू, आणि घरघर नाही.

“करते तुला नंतर,” बायको फोनवर म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, “याला गिटार नसली की हा ओरडत नाही. मग इतके दिवस याला का मारताय?”

बघा! अहो, मी पहिल्या दिवसापासून हेच ओरडत होतो.

“वायर असेल,” ड्रायव्हर म्हणाला.

“वायर नवी आणलीत ना? नव्या वायरनेही तेच होतंय.”

“मग गिटार.” तो थांबला. “नाहीतर मी.”

“आणा इकडे.”

“तुला कुठे वाजवता येतं?”

“वाजवणार कोण आहे? आणा.”

तिने वायर परत लावली. गिटार मांडीवर घेतली, उलटी सुलटी करून, जशी पोत्याची गाठ सोडायला घ्यावी तशी. तिने तारांवर हात ठेवला. मी घूंऽऽ करून वाढलो. हात काढला, कमी. ठेवला, वाढलो. मला कुठली लाज असेल? जे येतं ते मी मोठं करून सांगतो.

“ऐका,” ती म्हणाली. “माझ्या हातानेही ओरडतंय. माझा हातही बिघडला का?”

ड्रायव्हर तिच्या हाताकडे बघत राहिला. लॉन्ड्रीच्या गरम पाण्याने लाल झालेला हात. मग तो उठला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. चालण्यात फरक होता. बस सोडायला निघाल्यासारखा चालला.

त्याने आधी मला बंद केलं. मग गिटारच्या तारा सैल केल्या आणि तारा खालच्या टोकाला जिच्यात अडकवतात ती लोखंडी पट्टी सोडवली. त्या पट्टीखाली एक उघडी बारीक तार दाबून बसवलेली असते. तारांवर हात ठेवला की माणसाच्या अंगाने गोळा केलेली घरघर त्या बारीक तारेतून निघून जाते. ती तार पट्टीखाली नव्हतीच. बाजूच्या भोकात मान घालून बसली होती.

ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. “अगं, मीच ही पट्टी काढून घासली होती! गंज चढला होता म्हणून.”

“कधी?”

“निवृत्त झाल्यावर. काही काम नव्हतं ना.”

बायको हसायला लागली. खुर्ची धरून हसली. “घासा! अजून घासा! आता मलाही घासून ठेवा!”

तोही हसला. तार सरळ करून पट्टीखाली दाबली, स्क्रू आवळले, सूर लावले. मला चालू केलं. त्याने तारांवर हात ठेवला आणि मी गप्प बसलो. त्याने हात तसाच ठेवला, बराच वेळ. काही वाजवलं नाही.

आता एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. खालची जाड तार वाजली की एक खडखड ऐकू यायची. ती पूर्वीपासूनची. बायकोने कपाटावरची भांडी उतरवली, खिडकीच्या काचेवर हात धरला, तरी खडखड. शेवटी माझ्या पाठीच्या फळीवर हात ठेवला आणि ती थांबली. माझा एक स्क्रू ढिला निघाला. असू दे. या वयात कोणाचा नसतो? ड्रायव्हरने तोही आवळला.

संध्याकाळी बहीण आणि सलूनवाला आले. बहिणीने मला चालू केलं, कान लावला, भुवया उंचावल्या. गाणं सुरू झालं. ती मधे थांबली तेव्हा खोलीत खरोखर शांतता होती. दुसरं कडवं सुरू झालं आणि ती एकदम थांबली.

“दादा, हे काय वाजवलंस?”

“जे नेहमी वाजवतो ते.”

“परत वाजव.”

त्याने वाजवलं. स्वच्छ, गोल, मोठा आणि साफ चुकीचा सूर.

“इतकी वर्षं तू हेच वाजवतोस?”

“हेच.”

सलूनवाला ड्रमवर डोकं ठेवून हसायला लागला. “त्या खडखडीमागे लपलं होतं दादांचं चुकणं!”

ड्रायव्हरचा चेहरा पडला. दुपारी जे परत मिळालं होतं, ते पुन्हा हातातून जातंय असं त्याला वाटलं असणार. तो हळूच म्हणाला, “मग कीबोर्डवाल्याला—”

“कीबोर्डवाला कशाला?” बहीण म्हणाली. “सूर चुकला तर बसवता येतो. घरघर बसवता येत नाही. उद्या लवकर ये, हॉलवर बसवू. आणि वहिनीलाही आण, तिला खरं बोलायची सवय आहे.”

कार्यक्रम झाला. लोक हसले नाहीत. त्या एका जागी ड्रायव्हर पुन्हा चुकला, पण थोडक्यात. समोर बसलेली बायको तेवढी हसली.

आता मी पुन्हा पुढच्या खोलीत, खिडकीपाशी आहे. तब्येत ठीक. डोक्यावर डाग आहेत, कोपऱ्यात उंदरांची आठवण आहे, स्क्रू सगळे घट्ट आहेत. तुमच्या घरी असा कोणी घरघरत असेल तर हात उगारू नका. एकेक वायर काढा, एकेक गोष्ट बदला आणि दर वेळी ऐका. तिसऱ्या पिनेला तर अजिबात हात लावू नका. एवढंच मागणं.

ड्रायव्हर रोज सकाळी ती एक जागा वाजवतो. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारतो, “आता बरोबर?”

“नाही,” आतून आवाज येतो.

तो मला थोडं मोठं करतो आणि पुन्हा वाजवतो.