डाग निवेपर्यंत

सोल्डरचा वितळलेला थेंब गोठतो तेव्हा त्याची चकाकी कडेकडून आत जराशी मंदावते. एवढं दिसलं की बारकी हातातली तापलेली सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवी. डाग बसला, जोड पक्का झाला.

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून घरी आली की ती मागच्या खोलीत गिटारची पेडलं बनवायला बसे. पेडल म्हणजे गिटार आणि स्पीकरच्या मध्ये जोडायची, पायाने दाबायची पत्र्याची डबी. साधा सूर आत जातो आणि खरखरीत, लांब होऊन बाहेर येतो. बनवायची बारकीने, वाजवून पारखायची ताईने, अशी बहिणींची वाटणी होती.

ताई नोकरीसाठी परदेशी गेली तेव्हा गिटार भिंतीवरच ठेवून गेली. "न्यायला येईनच की," म्हणाली होती. आता ती तिथे घर घेत होती आणि दर फोनला विचारत होती, "बारके, गिटार पाठवतेस ना?" बारकी दर वेळी विषय बदलायची. ती भिंत मोकळी झाली की ताईला यायला कारणच उरणार नव्हतं.

त्या दुपारी एक लांब केसांचा गिटारवाला त्याचं पेडल घेऊन पुन्हा आला.

"मॅडम, इथे झकास गातं. माझ्या घरी नेलं की खोकतं."

"घरची हवा मानवत नसेल."

"हे आमच्या आईसमोर बोलू नका!" तो हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "ताई होत्या तेव्हा घेतलेलं अजून ठणठणीत आहे. तेव्हा काही वेगळं घालायचात का?"

"काहीच नाही," ती म्हणाली. तो पेडल ठेवून गेला, पण प्रश्न तिला लागला.

तिने ट्रान्झिस्टर बदलला, डाग दिले, आणि रोजच्यासारखी तपासणीची जुनी गिटार छेडत आतला बारीक स्क्रू फिरवू लागली. समोरची खुर्ची रिकामी होती. ताई असती तर अजून तिचं सुरूही झालं नसतं. ती आधी गिटार काढायची, खुंट्या पिळायची, मध्येच चहा ओतून घ्यायची, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायची, पुन्हा खुंट्या पिळायची.

"तुझं लावणं होईपर्यंत मी म्हातारी होईन," बारकी वैतागायची.

"हो ना, पण सुरात होशील."

बारकीचा हात थांबला. तिने ट्रान्झिस्टरला बोट लावलं. तो अजून गरम होता.

ट्रान्झिस्टरमधलं जर्मेनियम तापलं की त्यातून जास्त करंट गळतो. हे ती दर वर्षी फळ्यावर लिहायची, आणि इथे मात्र गरम ट्रान्झिस्टरवर सूर जुळवून झाकण लावत होती. निवल्यावर तो बिघडणारच. तिच्या शिव्या खात ताई जो वेळ घालवायची, त्यात डाग निवायचे. दोघींनाही ते ठाऊक नव्हतं.

आता थांबायला हवं होतं. हातांना काहीतरी हवं म्हणून तिने ताईची गिटार उतरवली. तारा काळवंडल्या होत्या, आणि नुसतं टांगून राहून दांडाही किंचित वाकला होता. ताई पिळायची तशा तिने एकेक खुंटी सावकाश पिळली. चहा केला. मग ट्रान्झिस्टर थंड लागला तेव्हा स्क्रू फिरवला आणि एक तार छेडली.

सूर न खोकता, न तुटता लांबत गेला. तो विरायच्या आत फोन वाजला.

"कोण वाजवतंय गं?" ताईने विचारलं.

"मीच. तुझी गिटार."

"अरे वा! लावायला किती वेळ लागला?"

"तुझ्याएवढाच."

ताई हसली. "बारके, ते गिटारचं..."

बारकीने काळ्या पडलेल्या तारांवर तळवा ठेवला. विषय बदलायला चहा होता, लांब केसांचा गिटारवाला होता.

"पाठवते, ताई," ती म्हणाली. "नव्या तारा घालून पाठवते."