शोकेसमधला पृथ्वीगोल

बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढ्याच्या बाजारात गजेंद्रचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. माणूस कष्टाळू, बोलायला गोड, आणि वस्तू जपण्यात एकदम पक्का. त्याच्या मोटारसायकलच्या सीटवरचं प्लास्टिक गाडी घेतल्यापासून निघालेलं नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, सोफा चादरीखाली. हसू नका. तुमच्या-माझ्या घरात तरी काय वेगळं आहे?

गेल्या वर्षी त्याच्या काजलला मूत्रपिंडाचा आजार झाला. पोर जेमतेम दहा वर्षांची. अकोल्याच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि बजावलं, की वर्षभर तिला गर्दीत पाठवू नका, अभ्यास घरीच घ्या. शाळेनंही समजून घेतलं, फक्त परीक्षेला आणा म्हणाले. शिकवायचं काम काजलच्या आईनं, पुष्पांजलीनं उचललं. सकाळचा स्वयंपाक उरकला की ती पदर खोचून बसायची ती दुपारपर्यंत. पोरीचं पथ्य, औषधाच्या वेळा, गणित, भूगोल, सगळं एकटीनं. तिच्या हिमतीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

गजेंद्रही मागे राहिला नाही. अकोल्याहून येताना त्यानं लेकीसाठी दोन पिशव्या भरून सामान आणलं. पृथ्वीगोल, छोटा सूक्ष्मदर्शक, मण्यांची पाटी, नकाशे, रंगपेट्या, चुंबकाची अक्षरं. घरी शिकणाऱ्या लेकराला लागेल ते सारं त्यात होतं. आणि मग त्यानं ते सगळं बैठकीतल्या शोकेसमध्ये नीट रचलं, काच लावली आणि कुलूप घातलं. किल्ली गाडीच्या किल्लीला अडकवली.

"पोरीनं हात लावला की खराब होते," तो म्हणाला. "जरा मोठी होऊ दे."

पाहुणे आले की मात्र शोकेस उघडायचं. त्याचे मामा उत्तमराव आले, तेव्हा पृथ्वीगोल फिरवून दाखवला. "वा, तू तं घरीच शाळा उघडली राजा," मामा म्हणाले, आणि गजेंद्रची मान ताठ झाली. काजल खाटेवर बसून लांबूनच बघत होती.

आजारी पडण्याआधी ही पोर प्रश्न विचारून भंडावून सोडायची. आपलं गाव पृथ्वीवर कुठी आहे? अमेरिकेत आता रात्र काऊन आहे? पुष्पांजली ताटलीवर दिवा धरून समजवायची. पण हळूहळू प्रश्न कमी झाले, मग थांबलेच. सांगितलं तेवढं लिहायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

"औषधानं अंग सुधरून राह्यलं तिचं," पुष्पांजली एकदा जेवण वाढताना म्हणाली, "पण पोरगी विचारायचंच सोडून राह्यली. मले भेव वाटते. किल्ली द्या."

"परीक्षा होऊ दे, देतो," गजेंद्र म्हणाला आणि भाकरी मोडली.

एके दुपारी तो दुकानातून लवकर घरी आला. काजल जमिनीवर पालथी पडून एका नकाशावर वाकली होती. नकाशा कसला, चिंधीच. घड्यांवर फाटलेला, मागून कापड चिकटवलेला. मागच्या गल्लीतल्या गौसियाभाभींकडून पुष्पांजलीनं तो मागून आणला होता. गजेंद्रला ते चांगलंच झोंबलं. घरात नवेकोरे नकाशे असताना दुसऱ्याच्या घरची फाटकी वस्तू! लोक काय म्हणतील? त्यानं नकाशा गुंडाळला आणि तडक गौसियाभाभींचं घर गाठलं.

गौसियाभाभी उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांची मुलगी आसमा लहानपणी गच्चीवरून पडली होती. खाटेवरून उठता येईपर्यंत भाभींनीच तिला घरी शिकवलं. आज आसमा बुलढाण्याला नर्स आहे.

"हे घ्या भाभी," गजेंद्र म्हणाला. "आमच्या घरी नवे नकाशे हायेत. उगाच तुम्हाले तरास."

भाभी रागावल्या नाहीत. त्यांनी नकाशा दिवाणावर पसरला. "भाऊ, याच्यात आपला जिल्हा दाखवा बरं."

गजेंद्र वाकला. अकोला दिसलं, जालना दिसलं. मधे नुसता पांढरा डाग.

"आसमाच्या बोटानं पुसला गेला," भाभी म्हणाल्या. "रोज पहिले तिथंच बोट ठेवायची. तिथून निघायची अन् सारी दुनिया फिरून यायची. पोरगी खाटेवर होती भाऊ, पण एक दिवस घरात बसली नाही."

"पण वस्तू जपा लागते ना, भाभी."

"जपा ना. पन कोनासाठी? पाहुन्यासाठी का पोरीसाठी?" भाभींनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही बियान्याचे व्यापारी. पिशवी छान दिसते म्हनून शेतकरी ते कपाटात ठेवते का? अन् मुद्दत निघून गेली, मंग त्या बियान्याचं काय होते?"

"उगवत नाही," गजेंद्र हळूच म्हणाला.

"लेकराच्या विचारन्यालेही मुद्दत असते, भाऊ."

गजेंद्रनं नकाशा परत मागून घेतला आणि तो घरी आला. बूटही न काढता त्यानं शोकेसचं कुलूप उघडलं, काच पूर्ण सरकवली.

आवाज ऐकून काजल खाटेवरून उठली, केस सारखे करत म्हणाली, "बाबा, पाहुने येऊन राह्यले का?"

काय हे! आपल्या लेकीसाठी आणलेलं सामान, आणि लेकीला वाटतं, ते पाहुण्यांसाठी उघडतात!

"नाही बेटा," तो म्हणाला. "तुह्यासाठी उघडलं. काय पाह्यजे ते घे."

तिनं बराच वेळ काहीच घेतलं नाही. मग दोन्ही हातांनी सूक्ष्मदर्शक उचलला. पुष्पांजलीनं कांद्याचा पातळ पापुद्रा काढून काचपट्टीवर ठेवला. काजलनं डोळा लावला, दचकून मागे सरकली, आणि तिच्या धक्क्यानं काचपट्टी फरशीवर पडून फुटली.

पोर जागीच थिजली. तिनं काचेकडे नाही, बापाच्या तोंडाकडे पाहिलं. गजेंद्रच्या ओठावर नेहमीचं बोलणं आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"फुटू दे," तो म्हणाला. "पहिले सांग, तुले दिसलं काय?"

काजल अडखळत बोलली, "विटा... घराच्या भिंतीले असतात तशा." मग तिच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "बाबा, कांद्यात विटा काऊन हायेत?"

पुष्पांजलीनं पदर तोंडाला लावला. कितीतरी दिवसांनी पोरीनं प्रश्न विचारला होता!

गजेंद्र काचा वेचून तिच्याजवळ फरशीवर बसला. "मले नाही माहीत. दुसरी काच आन, दोघं पाहू."

मंडळी, लेकरांसाठी आपण हौसेनं सामान आणतो आणि ते जपत बसतो. पण वही भरावी, पेन्सिल झिजावी, नकाशा फाटावा, यासाठीच ती वस्तू असते. फुटलेली काच बाजारात पुन्हा मिळते. लेकराचा विझलेला प्रश्न कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून आज घरी गेलात की तुमचं शोकेस उघडा, आणि लेकराला आधी हाक मारा.