पाचव्या चवीची गोळी

नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात चौथा कागद सापडला, तेव्हा तिने धुण्याची बादली बाजूला सारली आणि तशीच ओल्या हातांनी पाटावर बसली. पहिला कागद हिरवा, पुदिन्याच्या च्युइंगमचा. दुसरा लवंगेच्या गोळीचा, तिसरा दालचिनीचा आणि आजचा हा नारिंगी. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःसाठी साधी लिमलेटची गोळी घेतली नव्हती. आता पन्नाशी उलटल्यावर याला तोंडाला सुवास हवा झाला. कुणासाठी?

बाई मुळातच संशयी, हे तिच्या माहेरचेही मान्य करत. पण तिची रोजीरोटी त्या संशयावरच चालायची. डेअरीच्या ओट्यावर सकाळी दुधाच्या कॅनची रांग लागे. झाकण उघडलं की ती वाकून एक श्वास घेई आणि म्हणे, "चालेल," नाहीतर, "परत." यंत्रं आणि प्रयोगशाळा नंतर, आधी ती. डेअरीत सगळे तिला 'नाक'च म्हणत, अगदी तोंडावर, आणि तिला ते मनापासून आवडायचं. गेल्या आठवड्यात मात्र तिने 'चालेल' म्हटलेल्या दुधाने अख्खी टाकी नासली. केमिस्टबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असं झालं तर तुम्हाला ओट्यावरून काढून पॅकिंगला टाकावं लागेल." तिने खापर टाकी धुणाऱ्यांवर फोडलं. पण तेव्हापासून कुणाचा चेहरा जरा उतरलेला दिसला की त्याचा कॅन परत. एक म्हातारा नेहमीच खाली मान घालून उभा राहायचा. त्याला तिने लागोपाठ तीन दिवस परत पाठवलं.

चार कागद मुठीत घेऊन ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानवाली तिच्यावर आधीच फुरंगटलेली होती, कारण महिन्याभरात हिने चहाची पावडर भेसळीची म्हणून परत केली होती आणि साबणाला वास नाही म्हणून भर दुकानात तिला सुनावलं होतं. तरी दुसऱ्याच्या घरातली गोष्ट म्हटल्यावर राग किती वेळ टिकणार?

"नुसती गोळी घ्यायला म्हणून कुणी येत नाही, ताई," दुकानवाली म्हणाली. "घ्यायचं असतं दुसरंच काही, पैसे काढता काढता हात बरणीत जातो. कुणाला सिगारेट लपवायची असते, कुणाला साहेबापुढे उभं राहायचं असतं, कुणाला नुसता तोंडाला चाळा. पण एकदा धरलेली चव माणूस सोडत नाही. पुदिनावाला पुदिनाच मागतो. नसली तर हात हलवत जाईल, दुसरी नाही घेणार."

"आणि आमचे?"

"तुमच्यांचं निराळंच. रोज नेमाने एक, आणि रोज नवी चव. कालचीच देऊ का म्हटलं, तर म्हणाले, ती झाली." तिने आवाज खाली आणला. "स्वतःसाठी घेणारा असं घेत नाही, ताई."

तिला एवढंच ऐकायचं होतं. गेले चार दिवस नवरा संध्याकाळी आला की तिच्या अगदी जवळ बसायचा. तोंडाजवळ तोंड आणून विचारायचा, आज किती कॅन आले? जन्मात कधी विचारलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिने त्याच्या कॉलरचा वासही घेऊन पाहिला होता. ना घामाचा वास, ना अत्तराचा. म्हणजे धुऊनपुसून येतो, असा तिने त्याचा अर्थ लावला होता.

नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. नाकासमोर चालणारा माणूस, म्हणून तर तिला जास्त लागलं. संध्याकाळी तो आल्या आल्या तिने चारही कागद टेबलावर मांडले.

"कोण आहे ती?"

त्याने कागदांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हसला नाही, चिडला नाही. खुर्ची ओढून रोजच्यासारखा जवळ बसला.

"आत्ता माझ्या तोंडात काय आहे, सांग."

"विषय बदलू नका."

"सांग तर."

ती पुढे झाली. कॅनवर वाकायची तशी डोळे मिटून तिने श्वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला.

"काही नाही. रिकामं आहे तोंड."

त्याने जीभ बाहेर काढली. जिभेवर अर्धवट विरघळलेली पांढरी गोळी होती.

"बडीशेपेची," तो म्हणाला. "ही पाचवी."

एखाद्या दुकानदाराला त्याचा काटा बिघडलाय हे सांगावं, तशा हळू आवाजात तो बोलू लागला. "गेल्या रविवारी दूध उतू जाऊन करपलं. मला जिन्यात वास आला. तू शेगडीकडे पाठ करून भाजी निवडत होतीस."

"माझं लक्ष नव्हतं."

"मलाही आधी तसंच वाटलं. एका वजनावर काटा खोटा ठरवत नाहीत, म्हणून ही वेगवेगळी वजनं टाकून पाहिली. तुझ्यासारख्या बाईने एकदाही विचारलं नाही, आज तोंडाला कसला वास येतोय म्हणून. मागच्या महिन्यात तुला ताप आला, त्यानंतरच वास येणं बंद झालं असणार."

"मग तोंडाने सांगायचं ना."

"सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस, दूधच भेसळीचं, वास येणार कुठून?"

ती अगदी हेच म्हणाली असती. ती उठली, चहाचा डबा उघडून त्यात नाक घातलं, मग साबण हुंगला. बिचाऱ्या दुकानवालीचा माल चोख होता.

"डॉक्टरकडे जाऊ. येईल परत, कदाचित," नवरा म्हणाला.

तिला फार भीती वाटली. ओट्यावर नाक नसेल तर ती कोण? तशी गोष्ट अजून दोघांतच होती. चेहरे बघून आठवडा निघाला होता, आणखी काही दिवस निघाले असते.

सकाळी रांगेत पहिला कॅन नेमका त्या म्हाताऱ्याचा होता.

"बाबा," तिने विचारलं, "मी परत केलं ते दूध तुम्ही चाखून पाहिलं होतं का?"

"पाहिलं ना, ताई. मला तर गोडच लागलं." त्याची मान खालीच होती. "पण तुम्ही परत केलंत, म्हणजे काहीतरी असणारच. म्हातारीला म्हटलं, तूच कॅन नीट घासत नाहीस. तीन दिवस धड बोललो नाही तिच्याशी. आज मी स्वतः घासलाय."

त्याने झाकण उघडलं. ती सवयीने वाकली. 'चालेल' अगदी ओठांवर आलं, पण तेही खोटंच झालं असतं. तिने झाकण परत लावलं.

"केमिस्टबाईंना बोलवा," ती म्हणाली. "आणि बाबा, घरी गेल्यावर म्हातारीला सांगा, तिने कॅन स्वच्छच घासला होता. माझं नाक गेलंय."